फोरमनच्या मोटारसायकलचा हॉर्न

फोरमनना सगळी गल्ली फोरमनच म्हणायची. नोकरी संपली, अंगावरचा निळा डगला जाऊन साधं बनियन आलं, तरी फोरमन ते फोरमनच. आणि त्यांची बायको ती फोरमनीण. तिचं खरं नाव पोस्टमनला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

पत्रा ठोकायच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. तिथं ही मोठमोठी मशीनं, धाडकन खाली यायची आणि डब्याचं झाकण कापून बाजूला टाकायची. दिवसभर धाड-धाड, धाड-धाड. माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. पण त्या गदारोळातही फोरमन एखाद्या मशीनपाशी थांबायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "हिचं बेअरिंग जाणार." आणि जायचंच. मालक नवीन मशीन घ्यायला निघाला की यांना सोबत न्यायचा, गाय घेताना जाणत्या माणसाला नेतात तसं. कुणाची इस्टेट घर असते, कुणाची शेत असते, यांची इस्टेट कान.

आणि नेमका तोच गेला बघ. एका दिवसात नाही गेला, मुंग्यांनी डब्यातली साखर न्यावी तसा कणाकणानं गेला. आधी बारीक आवाज गेले, चमच्याचा, कुलपाचा, दारावरच्या बेलचा. मग बायकापोरांचं बोलणं पुसट झालं. जाडे आवाज मात्र यायचे, ट्रकचा, पाण्याच्या पंपाचा. त्यामुळं फोरमनना वाटायचं, आपले कान ठणठणीत आहेत, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

फोरमनीण हे ओळखून होती. नवऱ्याच्या समोर आल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही, आणि उघडलं की आवाज पार पोटातून काढायची. लेक माहेरी आली की हसायची, "आई, बाबांशी बोलताना तू अशी हवालदारासारखी का बोलतेस गं?"

"सवय," म्हणायची ही. खरं सांगायची छाती नव्हती. ज्याची सगळी अब्रू कानात, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की अहो, तुमचा कान गेला?

घराच्या बगलेला पत्र्याचं गॅरेज होतं. त्यात पोत्यांखाली एक मोटारसायकल निजलेली, फोरमनच्या तरुणपणातली. साधीसुधी नाही, शर्यतीच्या घाटणीची. हँडल खाली वाकलेलं, टाकी लांबुळकी आणि लालभडक, बसणाऱ्यानं पोटावर पालथं पडल्यासारखं वाकायचं. नवं लग्न झालेलं तेव्हा फोरमनीण तिच्यावर मागं बसून धरणापर्यंत जायची. वाऱ्यात बोलणं उडून जायचं म्हणून त्यांच्या कानाला तोंड लावून बोलायची. काय बोलायची ते विचारू नकोस, नव्या नवरीचं बोलणं ते. पुढं लेक झाली, गाडी एकदा बंद पडली ती पडली. पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू करता करता लेकीचंच लग्न झालं.

नोकरी संपली आणि दुसऱ्याच दिवशी फोरमननी ती पोती बाजूला ओढली. आत काय? सीटमध्ये उंदरांनी लेकुरवाळा संसार थाटलेला, टाकीत गंज, आणि दोन्ही पिस्टन सिलिंडरला असे धरून बसलेले की जसं मागल्या जन्मीचं वैर. फोरमननी घाई केली नाही. वरून तेल ओतलं आणि सोडून दिलं. "मुरू दे," म्हणाले. "लोणचं आणि लोखंड, दोघांनाही मुरायला वेळ लागतो." मग रोज सकाळी जाऊन गिअर टाकून मागचं चाक हातानं इतकंसं हलवून बघायचे, आजाऱ्याची नाडी बघावी तसं. एके दिवशी आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि चाक फिरलं. त्या दिवशी जेवताना दोनदा भात घेतला त्यांनी.

टाकीतला गंज काढायला आत छोटे नट आणि व्हिनेगर टाकलं, तोंड बंद केलं, टाकी गोधडीत गुंडाळली आणि हाक मारली, "अगं, एक बाजू धर. हलवायचीय."

"मी? माझ्या कमरेला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? लग्नात तुझ्याबरोबर आलीय ती."

दोघं समोरासमोर बसून टाकी घुसळत बसले. खळखळ-खळखळ. शेजारची नर्सबाई दारातून म्हणाली, "लोणी आलं की मला पण द्या हो!"

सीटचं कव्हर फोरमनिणीनं शिवलं. तिचं शिलाई मशीन होतं, गल्लीतल्या सगळ्यांचे परकर-पडदे तीच शिवायची. पण रेक्झिन म्हणजे काय परकर आहे? सुया मोडल्या, बोटाला भोकं पडली, तरी टीप अशी सरळ घातली की फोरमननी त्यावरून अंगठा फिरवला आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे दुसऱ्याची शाबासकी.

आणि मग एका दुपारी इंजिन सुरू झालं. पत्रे थरथरले, कावळे उडाले. फोरमननी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. "ऐक," म्हणाले, "दोन्ही सिलिंडर एका सुरात. माझा कान अजून आहे बघ!"

फोरमनीण हसली खरी, पण तिची नजर रस्त्याकडं गेली. गाडी सुरू झाली म्हणजे माणूस रस्त्यावर जाणार. मागून एखाद्या मोटारवाल्यानं हॉर्न दिला, कुणी पोर ओरडलं, तर? त्यातून गाडीला आरसेही लावायचे नाहीत म्हणे. "शर्यतीच्या गाडीला आरसे म्हणजे पैलवानाच्या पायात पैंजण." आता सांगावं तर माणूस मोडतो, आणि न सांगावं तर माणूस हातचा जातो. आणि खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतं गं. ते धरण, तो वारा. स्वतःच्या हातानं शिवलेल्या सीटवर बसायचं होतं तिला.

राहता राहिला हॉर्न. जुनाच हॉर्न, चिमणीच्या गळ्याचा. फोरमननी तो घासूनपुसून बसवला आणि बटण दाबलं.

पीं.

"मेलाय," फोरमन म्हणाले.

फोरमनीण गॅरेजच्या दाराशी काज करत बसली होती. तिची सुई कापडात तशीच राहिली. फोरमननी हॉर्न काढला, आतली पट्टी घासली, परत जोडला. पीं. पीं पीं.

"अजिबात वाजत नाही."

आता बोलावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण तोंडातून काय निघालं? "जुना झालाय हो. नवा आणा." अशी घाबरली बिचारी.

फोरमन नवा घेऊन आले, तोही जुन्याच जातीचा, गाडीला शोभायला हवा ना! येताना दुकानदारावर चिडूनच आले. "म्हणतो, वाजतोय की काका! दुकानात दिवसभर रेडिओ बडवत बसतो गाढव, त्याला काय ऐकू येणार?"

हसावं की रडावं, कळेना तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमन खडू घेऊन बसले. ही त्यांची कारखान्यातली पद्धत. बिघाड सापडत नसला की वीज जिथून निघते तिथून सुरुवात करायची. एकेक जागा तपासायची, चांगली निघाली की तिच्यावर खडूची खूण करायची. ज्याच्यावर खूण नाही, खोट तिथं. माणूस खोटं बोलेल, खडू बोलणार नाही, असं म्हणायचे. तर बॅटरीवर खूण झाली. वायरवर झाली. बटणावर झाली. हॉर्नवर हात ठेवला, बटण दाबलं, हॉर्न तळव्याखाली थरथरला. त्याच्यावरही खूण झाली. आणि प्रत्येक वेळी गल्लीभर पीं, पीं, पीं!

नर्सबाई केस पिंजारलेले, अंगावर चादर, अशी धावत आली. "फोरमनकाका! रात्रपाळी करून आलेय हो मी! आत्ता कुठं डोळा लागला होता, तर स्वप्नातसुद्धा तुमचा हॉर्न!"

फोरमननी मान वर केली, हसले आणि म्हणाले, "हो हो, चहा झाला आमचा."

नर्सबाईनं फोरमनिणीकडं बघितलं. "अजून सांगितलं नाहीत?"

"हळू बोला हो."

"हळू कशाला? त्यांना ऐकू येणारे का? काकी, उद्या हा माणूस रस्त्यावर जाईल आणि परवा माझ्याच वॉर्डात येईल. तुमच्यानं होत नसेल तर मी सांगते."

"नको," फोरमनीण उठली. "माझा नवरा आहे. मीच सांगते."

पण सांगायला ती पोचायच्या आधीच फोरमन थांबले होते. उकिडवे बसून खुणा बघत होते. बॅटरी, वायर, बटण, हॉर्न. सगळ्यांवर खूण. बिनखुणेचं काहीच राहिलं नव्हतं. मग त्यांची नजर नर्सबाईवर गेली. तिच्यावर नजर ठेवून त्यांनी बटण दाबलं. नर्सबाईनं दोन्ही हात कानांवर घेतले. त्यांनी बोट काढलं, तिनं हात खाली घेतले. परत दाबलं. परत हात कानांवर.

फोरमन हळूच बायकोकडं वळले.

"वाजतोय का गं?"

तिच्या घशातून शब्द निघाला तो तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात. हवालदारी आवाज काढायचं सुचलंच नाही. "वाजतोय." फोरमन नुसते तिच्या ओठांकडं बघत राहिले. मग तिनं मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," या वेळी पोटातून म्हणाली.

फोरमननी हातातला खडू बघितला, बॅटरीवर ठेवला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. नर्सबाई घरी परत गेली, झोप गेली ती गेलीच.

त्यानंतर गाडीवर परत पोती पडली. फोरमन खिडकीशी बसून राहायचे. भात वाढला तर खायचे, नाही वाढला तर मागायचे नाहीत. फोरमनीण वाट बघत राहिली, लोखंडाला वेळ देतात तसा तिनं माणसाला दिला. मग एका दुपारी तेच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तू मुद्दाम तो जाडा आवाज काढायचीस?"

"मग काय हौस होती मला?"

"मला वाटायचं तुझा घसा बसलाय. मनात म्हणायचो, म्हातारी झाली बिचारी."

"मी म्हातारी? अहो, तुम्ही नर्सबाईला चहा झाला म्हणालात!"

फोरमन जरा हसले. मग म्हणाले, "तुझा खरा आवाज कसा आहे आता?"

"काय माहीत," फोरमनीण म्हणाली. "घरात वापरलाच नाही कधीचा."

मग ते म्हणाले, "गाडी देऊन टाकतो कुणाला तरी. बहिऱ्या माणसानं रस्त्यावर जाऊ नये."

तेव्हा मात्र ती उखडली. "द्या की! पण सीट काढून माझ्याजवळ ठेवा. बोटांची चाळण करून शिवलीय ती मी, कुणा परक्यानं बसायला नाही. आणि तुमचे कान गेले तर काय झालं? माझे दोन आहेत ना? मागं बसून काय उवा मारणार आहे मी?"

फोरमननी हे अर्धंच ऐकलं असेल, पण हातवारे पुरे समजले.

नर्सबाईनं कानाच्या डॉक्टरणीकडं नेलं. कानातलं मशीन मिळालं. ते घातल्या घातल्या फोरमन म्हणाले, "हे उघडतं कुठून?" डॉक्टरीण म्हणाली, "काका, हे उघडायचं नसतं." घरात मशीनचा उपयोग झाला, पण हेल्मेट चढवलं की ते कुकरसारखी शिटी मारायचं. मग गाडीवरचा कायदा वेगळा ठरला. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लागले, पैलवानानं पैंजण घातले. आणि मागून फोरमनिणीनं खांद्यावर थाप मारायची. उजवीकडून कुणी येत असेल तर उजवी थाप, डावीकडून तर डावी, आणि दोन्ही खांद्यांवर एकदम म्हणजे थांबा. अंगणात बाकावर पुढं-मागं बसून तालीम केली त्यांनी. गल्लीला फुकट तमाशा.

आणि एका सकाळी निघाले. सावकाश, रस्त्याच्या कडेनं. फोरमनीण पहारेकऱ्यासारखी मान फिरवत बसलेली. उजवी थाप, बस गेली. डावी थाप, सायकलवाला. फोरमन दर थापेला मान डोलावायचे, कळलं म्हणून. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला, इंजिनानं सूर धरला, वळण घेतलं आणि समोर धरणाचं पाणी एकदम उघडलं. फोरमनिणीचं भानच गेलं, आणि तिनं नवऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर धपाधपा थापा मारल्या.

फोरमननी करकचून ब्रेक लावला, गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक. "काय झालं? ट्रक? कुठाय ट्रक?"

"ट्रक नाही हो," ती ओशाळून म्हणाली. "पाणी दिसलं. मजा वाटली."

फोरमननी मागं बघितलं, पुढं बघितलं, सगळा रस्ता रिकामा. मग खिशातून मशीन काढून कानात घातलं आणि म्हणाले, "आता सांग काय म्हणालीस ते."

"मजा वाटली म्हटलं!"

"मग मजेची खूण वेगळी ठेव ना गं बाई! जीव जायचा माझा."

गाडी तशीच कडेला उभी करून, कठड्यावर बसून, मजेची खूण कुठली ठेवायची यावर त्यांचं भांडण लागलं. ती म्हणे चिमटा काढते. ते म्हणाले, चिमट्यानं हँडल सुटेल. पाठीवर गुद्दा? नको, गुद्दा म्हणजे रागावलीस असं वाटेल. शेवटी ठरलं की मजा वाटली तर तिनं नुसता हात पोटाभोवती घालायचा, पूर्वीसारखा.

"तेवढंच ना?" फोरमनीण म्हणाली. "आणि मजा नाही वाटली तरी घातला तर?"

"मग ते मला कसं कळणार?" फोरमन म्हणाले, आणि गाडी सुरू करायला उठले.