मगरीचं बाळंतपण
त्या दुष्काळात सहकारी संस्थेनं कड्याजवळ जनावरांची छावणी काढली होती. आमची एक म्हैस आन् दोन बैल तिथं. मी आन् बायको बाजूलाच ताडपत्रीखाली राहत होतो. चारा टाकला, पाणी दावलं की काम सरलं. मग एक दिवस फिरत्या प्रदर्शनाची गाडी आली, आत जुन्या काळच्या जनावरांच्या मूर्त्या. समदी छावणी बघायला लोटली.

त्यात एक मगर होती. मगर म्हणावं तर पायाच्या जागी वल्ही, शेपूट माशाची, पाठीवर ते खडबडीत कवच न्हाई. नाव मेट्रिओरिंकस का काय. गाडीवाला म्हणाला, ही मगरीच्या भावकीतली, कोट्यवधी वर्षांमागं समुद्रात राहायची, आता वंश उरला न्हाई.

बायको लई वेळ बघत राहिली. मग त्याला म्हणाली, "आरं बाबा, ही बाळंतपणाला कुठं जात आसंल?"

एकजण खिदळला, "वैनी, तिचं सासर-माहेर एकच, समुंदर!"

मला लाज वाटली. "आगं, मगर ती. अंडी घालती. तिला कसलं बाळंतपण?"

"आवो, पर अंडी घालाया वर यावं लागंल न्हवं? असल्या पायानं यील कशी?"

गाडीवाला मूर्तीखालची पाटी वाचाया लागला. मी तिला दंडाला धरून म्हशीकडं आणलं. गप्प बस म्हणालो. ती बसली.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करत्यात. तिचं माहेर तलवाड्याचं. पण तिच्या पहिल्या खेपेला त्याहून मोठा दुष्काळ होता. तिच्या आईनं निरोप धाडला, हिकडं प्यायला पाणी न्हाई, येऊ नको. पोरगी खडी फोडायच्या कामावर झाली, रस्त्याच्या कडंला, बायांनी धरलेल्या लुगड्याच्या आडोशाला. मी पलीकडं उभा. त्यावर ती माझ्याशी कधी बोलली न्हाई. मी कधी विचारलं न्हाई.

बायको वारली त्याला आता आठ महिने झाले. ती मगर काय डोक्यातून जाईना. बायकोनं मगरीचंच विचारलं का स्वतःचं, आन् मनात माझ्यावर राग होता का, एवढंच मला कळायला पायजे. शेवटी हायस्कूलच्या बाईंकडं गेलो.

बाईंनी मोबाईलवर वाचलं. "बाबा, हिचं अंडं कुठं सापडलेलं नाही. जमिनीवर येणं अवघडच होतं. पाण्यातच पिल्लांना जन्म देत असावी, असं काही जाणकारांना वाटतं. पक्कं कुणालाच माहीत नाही."

"मंजी माझी बायको बरोबर होती का चूक?"

"प्रश्न तर बरोबरच होता त्यांचा."

"मग तिला राग आला आसंल का?"

बाईंनी मोबाईल खाली ठेवला. त्यांना तरी काय ठाऊक.

घरी येऊन पोरीला फोन लावला. म्हणालो, "तुझ्या जन्माचं तुझी आई कधी काय बोलली का गं?"

"लई येळा बोलली, आण्णा. तुमाला न्हाई का सांगितलं?"

"न्हाई," मी म्हणालो. "तू सांग."