शेवटच्या स्टेशनपर्यंत बाबा

माझी पहिली नेमणूक बस्तरच्या बाजूच्या एका कॅम्पवर झाली, तेव्हा घरात कोणी पेढे आणले नाहीत. सशस्त्र पोलिसांचं ट्रेनिंग पास झाले तेव्हा आणले होते. पण तेव्हा मी कुठे जाणार ते माहीत नव्हतं.

आम्ही खुर्सीपारला राहतो. बाबांनी सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवण्यात काढली. मी फौजेत गेले असते, सीमेवर गेले असते, तर त्यांनी गल्लीभर सांगितलं असतं. पण ही लढाई नक्षलवाद्यांशी, म्हणजे घरातलीच होती.

"सीमेवर दुश्मन असतो. हे तर आपलेच लोकं आहेत," ते म्हणाले. "त्यायच्यावर बंदूक धरायले चालली तू. कावून?"

माझ्याकडे त्या 'का'चं उत्तर होतं, पण ते तोंडातून भाषणासारखं निघालं असतं. मी बॅग भरत राहिले. खरं सांगायचं तर शाळेपासून मला वर्दी घालायची होती, आणि वर्दी घातल्यावर जागा आपण निवडत नाही.

निघायच्या दिवशी बाबा मला सोडायला दुर्ग स्टेशनवर आले. आईनं दिलेला डबा फारच जड होता. गाडीची शिटी झाली तरी बाबा माझ्या शेजारीच बसून.

"बाबा, उतरा नं. गाडी सुटून राहिली."

"सुटू दे. माझ्याजवळ तिकीट आहे."

"आईले माहीत आहे?"

"दोघांच्या पोळ्या कोणी केल्या मग?"

मला हसावं की रागवावं कळेना. ओळख कोणाला सांगायची नाही, साध्या कपड्यांत प्रवास करायचा, असं आम्हाला बजावलेलं होतं. आणि माझ्यासोबत होते बाबा, ज्यांच्या पोटात आजवर एक गोष्ट राहिली नाही.

बालोद मागे पडेपर्यंत त्यांनी कशीबशी जीभ आवरली. पुढे जमीन लाल झाली, डोंगर जवळ आले. दल्ली राजहराला खनिजानं भरलेली मालगाडी शेजारी उभी होती. बाबा खिडकीला चिकटले. "जन्मभर हे लोखंड उचललं," ते म्हणाले, "पण येते कुठून ते आज पाहून राहिलो."

समोर एक माझ्याच वयाची बाई बसली होती. मांडीवर वह्यांचा गठ्ठा. तिनं हसून विचारलं, कुठून आलात? पुढचं आमचं सगळं बोलणं हिंदीत झालं; इथे मराठीत लिहिते. ती शेवटच्या स्टेशनच्याही पलीकडच्या एका गावातली होती, तिकडच्याच आश्रमशाळेत शिकवायची. बाबांनी तिला डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी दिली, शेजारणीनं दिलेली बेसनाची ठेठरी दिली, आणि देता देता बोलून गेले, "माझी मुलगी जवान आहे. तुमच्याच भागात ड्यूटी लागली."

बाईचा हात तसाच थांबला. पलीकडच्या बाकावरच्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बाबांच्याही लक्षात आलं. ते खाली बघत डब्याचं झाकण लावू लागले.

वडी हातात तशीच धरून ती म्हणाली, "लहानपणी तुमच्यासारखे आले की आम्ही जंगलात पळायचो. ते आले तरी पळायचो."



"माझा मोठा भाऊ त्यांच्यात होता," ती म्हणाली. "किती वर्षं. आई रोज त्याच्या वाटणीचं जेवण वेगळं काढायची. आता आलाय परत. ट्रॅक्टर चालवतो. त्याच्या वर्गातला एक मुलगा पोलिसात आहे. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात दोघं हातात हात घालून नाचले. आम्ही सगळ्या बायका बघतच राहिलो."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. मग तिनं मला सरळ विचारलं, "भीती वाटते?"

बाबा शेजारी होते. घरात मी एकदाही कबूल केलं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

"बरं झालं. ज्यांना भीती वाटत नाही ते आले की आम्हाला धाकधूक होते."

तिनं वडी खाल्ली. उतरेपर्यंत ती मला तिच्या बोलीत बोलायला शिकवत होती. पाण्याला एर म्हणायचं. भेटल्यावर जोहार. कोणाच्या अंगणात शिरताना बंदूक सोबतिणीकडे द्यायची आणि आधी पाणी मागायचं. बाबा माझ्याबरोबर पुटपुटत पाठ करत होते.

शेवटच्या स्टेशनवर कॅम्पची गाडी घेऊन एक हवालदार उभा होता. बाबा सरळ हवालदाराजवळ गेले. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी विचारलं, "खाने में क्या देते हो?"

"दाल-चावल, चाचा. हम भी वही खाते हैं."

"सब्जी?"

"वो भी."

बाबांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, कावून हे परत विचारलं नाही, आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले.

सुरुवातीचे महिने कठीण गेले. एकदा पलीकडच्या डोंगरावर गोळीबार झाला. आमच्या तुकडीतली एक जखमी झाली. ती बरी होऊन परत आली, पण पाचोळा वाजला तरी माझं अंग ताठ व्हायचं.

त्यानंतर आम्ही गस्तीवर एका पाड्यात गेलो. आम्हाला पाहून एका म्हातारीनं दार लोटून घेतलं. मी बंदूक सोबतिणीकडे दिली, अंगणाच्या कडेला बसले आणि "एर" म्हणाले. आत काही हललं नाही. पुन्हा म्हणाले. दार किलकिलं झालं, आतून हसू आलं. माझा उच्चार फारच वाईट असावा. तिनं भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं आणि मला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला.

अजून मी त्याच कॅम्पवर आहे. बंद पडलेला आठवडी बाजार पुन्हा भरतो. कधी कधी वाटतं, मला बंदूक चालवावी न लागताच हे सगळं संपेल. तसं झालं तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही.

परवा बाजारात ती म्हातारी भेटली. लग्न झालं का, तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं तिथेच उभ्या उभ्या बहिणीचा मुलगा सुचवला: शेती आहे, दारू पीत नाही, आईशी हळू आवाजात बोलतो. मी हसत हसत फोनवर आईला सांगितलं.

आई हसली नाही. म्हणाली, "आईले हळू बोलते म्हणते? त्या पोराचं विचारून तं पाह्य."