शिशाचा एप्रन

जुन्नरच्या पेठेत महंमद हनीफ कुशनवाल्याचं दुकान शोधावं लागत नाही, आधी त्याचा आवाजच सापडतो. रिक्षाचं हूड फाटलंय, ट्रॅक्टरच्या सीटमधनं स्पंज बाहेर आलाय, जीपचं रेक्झिन उन्हानं तडकलंय, न्या हनीफभाईकडं. तो आधी गिऱ्हाइकाची खरडपट्टी काढणार आणि मग असं शिवून देणार की वर्षानुवर्षं बघायला नको. चहा थंड आला तरी सगळी पेठ ऐकते. पण काळजात खरंच काही सललं की हाच माणूस मुका होतो. घरच्यांना खरा धाक त्या मुकेपणाचाच.

त्याची बायको अनिसा आळेफाट्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते, शिशाचा जडशीळ एप्रन घालून. लग्नानंतर हनीफनं तो एप्रन पहिल्यांदा उचलून बघितला आणि त्याला घामच फुटला. एवढं शिसं अंगावर घ्यावं लागतं, म्हणजे समोर काय चीज असेल! जास्मिन पोटात होती तेव्हा तर त्यानं दवाखान्यात असा दंगा घातला की डॉक्टरांनी हात जोडले आणि अनिसाला बाळंतपणापर्यंत टेबलावरचं काम दिलं. ते तसंही देणारच होते, पण हनीफला हे कोण सांगणार?

तीच जास्मिन फिजिक्स शिकली. पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी तिची निवड झाली तेव्हा हनीफनं पेठेत पेढे वाटले. "काय शिकनार हाय पोरगी?" कुणीतरी विचारलं. "तारे बघनार, तारे!" छाती ही अशी फुगलेली. घरी जेवताना जास्मिन म्हणाली, "नुसते तारे न्हाईत, अब्बा. लई लांबच्या गॅलेक्सी, आन त्यांच्या मधोमध असत्यात ती ब्लॅक होल. त्यांचे एक्स-रे बघायचे."

हनीफचा घास हातातच राहिला.

त्या दिवसापासून तो गप्प. संस्थेला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. जास्मिन काही लहान नव्हती, पण अब्बांच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय तिचा हात पुढं होईना. "माझ्या लग्नाचंच काहीतरी शिजतंय," म्हणून ती आईजवळ रडली. अनिसानं विचारून बघितलं. "बघू," एवढं बोलून हनीफ दुकानात निघून गेला. दुपारच्या जेवणालाही येईना.

शुक्रवारी सकाळी मात्र त्यानं एक गठ्ठा आणून जास्मिनसमोर धप्पकन ठेवला. आत एप्रन होता. दवाखान्यानं टाकून दिलेले जुने एप्रन त्यानं मागून आणले होते आणि त्यांचा चिरा न पडलेला भाग कापून, दुहेरी थर लावून, पोरीच्या मापाचा नवा शिवला होता. गळ्याला वेगळा पट्टा. वरून जांभळं रेक्झिन, कारण तिला तो रंग आवडतो.

"ह्ये घातल्याबिगर त्या होलसमोर बसायचं न्हाई," तो म्हणाला. "आईच्या मशीनीत नुसतं हाड दिसतं, तुझ्यात म्हनं अख्खी गॅलेक्सी दिसती. केवढं जोरात असंल त्ये! मला तुला अडवायचं न्हाई, पोरी. पन ह्ये घाल आन मंग जा."

अनिसानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. जास्मिन हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"अब्बा, माझ्याकडं मशीनच न्हाई. आमी किरण सोडत न्हाई, तिकडनं येत्यात ते बघतो."

"होलमधनं?"

"त्यातनं कायच बाहेर येत न्हाई. पन त्यात पडनारा वायू पडता पडता गरगर फिरतो, घासतो, तापतो. तुमी जाड रेक्झिन भराभर शिवता तवा सुई तापून दोरा वितळतो ना? तसंच. फक्त कोटी कोटी डिग्री! मंग एक्स-रे निघत्यात."

सुई तापते म्हटल्यावर हनीफला पटलं. पण माणूस चिवट. "मंग त्ये आपल्या डोस्क्यावर पडतंयच की!"

"न्हाई पडत. वरची हवा समदं अडवती. म्हनून तर दुर्बीण उपग्रहावर बसवून वर धाडावी लागती. मी इथं खालीच, कॉम्प्युटरसमोर."

हनीफ दारात गेला आणि मान वर करून बघत राहिला. "म्हंजी हवेचा एप्रन समद्यांनाच हाय?"

"समद्यांना."

"आन कुनी शिवला पन न्हाई?"

"कुनीच न्हाई."

"मंग दाब की ते होकाराचं बटन! कुनाची वाट बघती?" हे पेठेत शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं आणि मायलेकींचा जीव भांड्यात पडला.

एप्रन मात्र त्यानं गुपचूप दुकानात नेऊन खुंटीला टांगला. इतक्या हौसेनं शिवला आणि हसं झालं, याचं त्याला वाईट वाटलं होतं.

जायच्या दिवशी स्टँडवर त्यानं जास्मिनची बॅग उचलली आणि खांदाच निखळायची वेळ आली. "दगडं भरलीत काय गं?" म्हणत त्यानं चेन ओढली. वरच जांभळं रेक्झिन दिसलं.

"अगं, लागत न्हाई म्हनालीस ना?"

"एक्स-रेसाठी न्हाईच लागत," जास्मिन म्हणाली. "पन तिथं समदे मोठे लोक, इंग्रजीत बोलनारे. माझी कधी छाती धडधडली तर घालीन."

हनीफनं चेन परत लावली. पुण्याची गाडी लागली, बॅग वर गेली, जास्मिन खिडकीत बसली. डोळ्यांतलं पाणी न पुसताच तो खिडकीपाशी आला.

"गळ्याचा पट्टा आदी लाव," तो म्हणाला. "मंग बाकीचं."