पुरणातली बडीशेप

बडीशेप भाजायला टाकली, की तिचा गोडसर वास घरभर होतो आणि मला लग्नानंतरची पहिली होळी आठवते. हर्सूलच्या सासरी त्या दिवशी पुरण पहिल्यांदाच माझ्याकडं आलं होतं. जायफळ-वेलची डब्यात आहे, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. पण मी आईनं माहेरच्या, कन्नडच्या बाजारातून घेऊन दिलेली बडीशेप भाजली, सुंठीबरोबर कुटली आणि पुरणात घातली, कारण आमच्याकडं पुरण असंच होतं. पुरुषांची पंगत बसली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, चावता चावता थांबले आणि ताट सरकवून उठले. मागोमाग दीर उठला, मग माझा नवरासुद्धा. सासूबाईंनी कणभर पुरण जिभेवर ठेवलं. “बडीशेप जेवण झाल्यावर खात्यात. पुरणात घालायला कुणी शिकवलं गं?” “आईनं.” “मग तुझ्या आईलाच खाऊ घाल जा!” सुनेनं सगळ्यांच्या नंतर जेवायचं, हा त्या घरचा रिवाज. तरी मी सासऱ्यांच्याच पाटावर जाऊन बसले. म्हटलं, “आई कन्नडला हाय. तिच्या वाटचं मी खाते.” आणि वर तूप ओतून घेऊन चार पोळ्या खाल्ल्या, सावकाश, सगळे बघत असताना. आजही त्या घरात पुरण माझ्याच हातचं असतं आणि बडीशेप त्यात असतेच. उठायचं त्यानं खुशाल उठावं. पाट रिकामा झाला की बसायला मी आहे.