दाराजवळची फरशी

त्या वर्षांत लातुरात आमच्या गल्लीला दुसरा विषयच नव्हता. कुणी वर खोली चढवली, कुणाकडे क्लासची पोरं राहायला आली, एवढंच. दारोदार 'रूम भाड्याने मिळेल' अशा पाट्या लागल्या होत्या. आमची बाहेरची खोली मात्र जुन्या शहाबादी फरशीची होती आणि तिथं आई झोपायची. टाईल्स बसवून ती खोली एखाद्या मुलीला द्यायची, असं मी ठरवलं. आई लगेच 'बरं' म्हणाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

भूकंपात औशाकडचं तिचं माहेर बसलं होतं. दाराशी झोपलेला मामा अंगणात पळाला, आतल्या खोलीतली मावशी मातीच्या माळवदाखाली गाडली गेली. तेव्हापासून आई दाराजवळच झोपे. उशाशी तांब्या पालथा घालायचा आणि त्यावर पितळेची वाटी ठेवायची. जमीन हलली की वाटी पडणार आणि जाग येणार. भूकंपानंतर हे बऱ्याच घरांत चालायचं. पुढं लोकांनी सोडलं, आईनं नाही. आमची वाटी नेहमी मांजरानंच पाडली आणि दर वेळी आईनं सगळ्यांना अंगणात काढलं.

मिस्त्री जुनी फरशी उखडायला बसले, तशी आई पुढं झाली.

"चाचा, दाराजवळची येवढी एक काढायची न्हाई."

"अम्मा, समदं नवं आन मधीच हे ठिगळ? लई खराब दिसंल."

"दिसू द्या. त्या दगडावर वाटी कशी वाजती, ते माझ्या कानाला ठाऊक हाय."

मी तडकले. "अगं पण खोली तर भाड्यानं द्यायचीय. तू झोपणार कुठं?"

"बघीन माझं मी."

तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझा खरा घोर वेगळाच होता. आतल्या खोलीत ती झोपणार नाही आणि ओसरीवर तिचा दमा उसळणार. मिस्त्रींनी दोरी धरून त्या दगडाभोवती टाईल्स बसवल्या, सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं. फरशी सुकेपर्यंत आत पाय ठेवायचा नव्हता, म्हणून आई ओसरीवरच झोपली आणि खोकत राहिली.

मग किनवटकडची एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर ट्रंक घेऊन आली. मी तिची खाट खिडकीखाली लावली होती. वडील बसस्टँडवर गेल्यावर आई आत आली आणि म्हणाली, "खाट दाराजवळ घ्या."

आम्ही ओढली. आईनं त्या काळ्या दगडावर तांब्या पालथा घातला, वर वाटी ठेवली आणि बोटानं पाडून दाखवली. मुलगी दचकली.

"हे आसं वाजलं की सरळ अंगणात पळायचं. वह्या-पुस्तकं घेत बसायचं न्हाई. कुणाची तरी लेक हायेस तू."

"आणि आज्जी, तुम्ही?"

"मी आतल्या खोलीत हाय. पळताना एक हाक मार, म्हंजे झालं."

आईनं आपली वळकटी उचलली आणि आतल्या खोलीत गेली. भूकंपानंतर पहिल्यांदाच.