पिशोरात जावयानं घागर उचलली

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाले, "साखर काठावर आहे. महिन्याभरात वजन उतरलं तर ठीक, नाहीतर गोळी सुरू." माझ्या थोरल्या भावाची अशीच एक गोळी सुरू झाली होती. आता तो जेवायच्या आधी गोळ्यांचा डबाच उघडतो. मला तो डबा नको होता.

एके काळी मी सायकलला पाइप बांधून शहरभर नळ जोडत फिरायचो. शहर वाढलं, माझं नळसामानाचं दुकान झालं, गल्ल्यामागं खुर्ची आली आणि खुर्चीपाठोपाठ पोट आलं. सकाळी चालायला जातो, पण आमच्या मंडळींचा फेरा कचोरीच्या गाड्यापाशीच संपतो. शेवटी बायको, सुनंदा, म्हणाली, "चला माझ्या माहेरी, पिशोरला. तिथं कचोरी नाही अन् चालायला रान मोकळं."

पिशोरला जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, नंतर गाडीचा पत्रा तापतो. तिकीट हॉटेलातल्या एका नाश्त्याएवढं. शहर लवकर संपत नाही. प्लॉटिंगच्या पाट्या, अर्धवट बंगले, टँकरच्या रांगा, आणि मग एकदम करपलेली कपाशी.

पहिल्या सकाळी बूट चढवून निघालो. चार घरं ओलांडली नाहीत तोच हाक आली, "पाव्हणं, चहा घ्या!" दुष्काळात पाणी टँकरचं आणि म्हैस घरची, त्यामुळं चहात पाणी नावालाच. नुसतं दूध, वर साय, तळाशी साखरेचा थर. नको म्हटलं की, "आमच्या घरचा चालत नाय व्हय?" पुढच्या घरी तेच. रानापर्यंत मी पोचलोच नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून बघत होतो. टँकर गावाबाहेरच्या विहिरीत पाणी ओततो, तिथनं बाया-बाप्ये घागरी भरून आणतात. त्यांना कुणी चहाला अडवत नव्हतं. खांद्यावर भरली घागर असलेल्या माणसाला कोण थांबवणार? मी उठलो आणि घरातली घागर उचलली.

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "जावयाला पाण्याला लावलं म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालंल. ठेवा ती!"

"मामी, गोळी सुरू हुईल."

"हुऊ द्या. गोळी गिळता येती, बदनामी गिळता येत नाय."

सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती. मी घागर खाली ठेवली. पण बाई विचार करणाऱ्या. दुसऱ्या सकाळी त्याच म्हणाल्या, "आपल्या घरचं पाणी जावयानं भरायचं नाय. शेजारच्या गिरजाबाईचं भरा. ती तुमची कोण? कुणीच नाय."

झालं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मी गिरजाबाईचा रांजण भरला. आधी अर्धी घागर, मग पाऊण, शेवटी काठोकाठ. जेवायला ज्वारीची भाकरी, वरण, कांदा, ताक. सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या की मी ताटावर हात धरायचो. चहा बिनसाखरेचा. पहिला घोट औषधासारखा लागतो, चौथ्या दिवशी चहासारखा.

विहिरीवर दोघींना बोलताना ऐकलं.

"हे कुणाचं पाव्हणं?"

"शहरातलं. लई मोठं दुकान हाय म्हणं."

"मग पाणी का भरतंय?"

"दुकान बुडालं असंल."

शहरात परत आल्यावर भाकरी-ताक तसंच ठेवलं आणि दुकानाला पायी जाऊ लागलो. कचोरीवाल्या मंडळींनी माझं नाव टाकलं. महिन्यानं काट्यावर चढलो. आकडा फार नाही, पण उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "गोळी तूर्त नको. काय केलंत?"

"सासुरवाडीच्या शेजारी पाणी भरलं," सुनंदा म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा काढून दोघांकडं बघितलं.

घरी येऊन ही खबर द्यायला मी पिशोरला फोन लावला. सासूबाईंना आनंद झाला, पण त्यांची बातमी मोठी होती.

"गिरजाबाईचा गंगापूरचा जावई आलाय. लई सुटलाय. तिनं आपल्याकडं धाडलाय, सकाळपासून आपला रांजण भरतोय. तुमी कवा येताय? तिचा रिकामा पडलाय."