डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी

मी स्वभावाने चिक्कू आहे आणि हे मी बिनदिक्कत सांगते. आमच्या ग्रुपमध्ये माझ्या शब्दाला वजन आहे ते त्यामुळेच. ग्रुप म्हणजे फोनवरचा. जळगाव, भुसावळ, धुळे इथली वीसेक माणसं, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली, आणि त्यात मी एकटी बाई. आम्ही प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून वीतभर लांबीच्या मोटारी जोडतो. प्लास्टिकच्या चौकटीला जोडून आलेले भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. माझे यजमान याला म्हातारपणाची भातुकली म्हणतात आणि पाहुणे आले की कौतुकाने कपाट उघडून दाखवतात.

गेल्या काही वर्षांत एक नवीन दुखणं सुरू झालं आहे. आमच्या लहानपणीची किट, म्हणजे अशा सुट्या भागांची खोकी, कंपन्या पुन्हा बाजारात आणतात. माल तोच, खोकं नवं, किंमत मात्र अशी की डोळे पांढरे व्हावेत. ज्या गाडीसाठी लहानपणी दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहिलो, तीच गाडी आता पुन्हा दिसते आणि माणूस पाघळतो. कंपन्यांना हे बरोबर ठाऊक आहे. म्हणून ग्रुपमध्ये ठरलं आहे की नवीन खोकं आलं की आधी मी घ्यायचं, उघडायचं, आणि 'घेण्यासारखं आहे' किंवा 'नाही' असं कारणांसकट लिहायचं. मग बाकीचे एकदम मागवतात. माझं टिपण येईपर्यंत कोणी खिशात हात घालत नाही.

खरं सांगायचं तर या टिपणांमागची अर्धी अक्कल माझी नव्हती. ती चाचांची होती.

माझी जळगावात रक्त तपासायची छोटी लॅब आहे. चाचा दर तीन महिन्यांनी धरणगावहून सकाळच्या एसटीने साखर तपासायला येतात. उपाशीपोटीचं रक्त दिलं की डब्यातली भाकरी-भाजी आमच्याच बाकावर बसून खातात, आणि मग दुसऱ्या रक्तासाठी दोन तास थांबतात. वयाची सत्तरी उलटली आहे. पहिल्यांदा आले तेव्हा खिडकीत मी एका परदेशी गाडीचे भाग धुऊन वाळत ठेवले होते. त्यांनी न विचारता एक भाग उचलला, त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "हाई डाय थकेल शे, ताई."

माझ्या वस्तूला हात लावला म्हणून मला आधी रागच आला. मग विचारलं, हे कसं कळलं? तेव्हा समजलं की चाचांनी सगळा जन्म जळगावच्या एमआयडीसीत डाय करण्यात घालवला. डाय म्हणजे पोलादाचा साचा. दोन अर्ध्या ठोकळ्यांत पोकळी कोरायची, ठोकळे घट्ट मिटायचे, आत वितळलेलं प्लास्टिक दाबायचं, की वस्तू तयार. साचा नवा असतो तोवर दोन्ही अर्धे गच्च बसतात. लाखो वेळा मिटून उघडून तो झिजला की फटीतून प्लास्टिक बाहेर येतं आणि वस्तूच्या कडेला कागदासारखा पापुद्रा राहतो. त्याला फ्लॅश म्हणतात. खानदेशातल्या कितीतरी घरांतल्या बादल्या, मग आणि डबे चाचांच्या हातच्या साच्यांतून निघालेले आहेत.

तेव्हापासून ते दोन तास आमचे झाले. मी खोकं पुढे करायची, चाचा त्यावरच्या चकचकीत चित्राकडे ढुंकूनही न बघता भाग हातात घ्यायचे. कुठली रेघ बुजली आहे, कुठे साच्याला डागडुजी केली आहे, कुठल्या भागात प्लास्टिक आखडून खळगा पडला आहे, हे ते नखाने सांगायचे. मी ते घरी जाऊन माझ्या भाषेत लिहायची. ग्रुपमधले लोक मला जाणकार म्हणायचे आणि मी गप्प बसून ते ऐकून घ्यायची. चाचांचा मी एकदाही उल्लेख केला नाही. कोणी विचारलं नाही, एवढीच माझी सबब होती.

मग या वर्षी ती गाडी आली. आमदारांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे जिच्यात बसायचे, त्या फुगीर नाकाच्या गाडीचं किट. ते फार वर्षांपूर्वी जळगावातल्याच एका खेळण्याच्या कारखान्याने काढलं होतं. कारखाना केव्हाच बंद पडला. आता कुठल्याशा व्यापाऱ्याने भंगारातून तो साचा मिळवला आणि 'मूळ साच्यातून, दुर्मिळ एक्स्पोर्ट मॉडेल' असं खोक्यावर छापून किट विकायला काढलं. किंमत परदेशी किटच्या बरोबरीची.

एक्स्पोर्टचं कारण असं की या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. आपल्या रस्त्यावरची गाडी, स्टिअरिंग मात्र परदेशासारखं. धुळ्याचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्या ग्रुपमध्ये आहेत, त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी यावर कधीपासूनच एक सिद्धांत मांडून ठेवला होता: हे किट आखाती देशांत पाठवण्यासाठी केलं होतं, करार फिसकटला आणि माल इथेच विकावा लागला. सिद्धांताला पुरावा काही नव्हता, पण नाना तो इतक्या ठासून सांगायचे की व्यापाऱ्यानेही बहुधा तोच उचलला असावा. नानांना सहा खोकी हवी होती. बाकीच्यांची मिळून आणखी वीस तरी. सगळे माझ्या टिपणाची वाट बघत होते.

चाचा आले त्या सकाळी मी पहिलं रक्त घेतलं, त्यांचं जेवण होऊ दिलं आणि मग खोकं त्यांच्यासमोर ठेवलं. नेहमी चित्राकडे न बघणारे चाचा त्या दिवशी चित्राकडे बघत राहिले. मी झाकण उघडलं. चौकटींमध्ये मिळून चाळीस-बेचाळीस भाग होते. छत, दारं, चाकं, सगळं वरच होतं. चाचांनी ते बाजूला सारलं आणि तळातून नखाएवढा डॅशबोर्ड शोधून काढला. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतलाच नाही.

"डावा बाजूले शे ना?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी तो भाग परत खोक्यात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हाई डाय मी कोरेल शे."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तेव्हा ते तिशीच्या आत होते आणि स्वतःच्या हाताने पूर्ण साचा करायचं हे त्यांचं पहिलंच काम. कारखान्याच्या दारात मालकाची तीच गाडी उभी असायची. चाचा रोज दुपारी तिच्याभोवती फिरून मापं घ्यायचे. बॉनेटचा उंचवटा जमावा म्हणून त्यावर हात फिरवून यायचे आणि तोच आकार बोटांत धरून पोलाद कोरायचे. आता साचा म्हणजे रबरी शिक्क्यासारखा असतो, जसं हवं त्याच्या उलट कोरावं लागतं. गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे बाहेरून काहीच बिघडलं नाही. डॅशबोर्ड मात्र त्यांनी जसा डोळ्यांना दिसला तसाच कोरला. पहिला माल निघाला तेव्हा स्टिअरिंग डावीकडे होतं.

दुकानदारांची मागणी तोंडावर आली होती. मालक म्हणाला, पोरं कुठे एवढं बघतात, आणि माल तसाच गेला. पण चाचांच्या हातातून कोरणी काढून घेतली. पुढची दोन वर्षं त्यांना दुसऱ्यांचे साचे पॉलिश करायला बसवलं. नंतर ते पुन्हा डाय करू लागले, शेकडो केल्या, पण बादल्या आणि डब्यांच्या. गाडी पुन्हा कोणी दिली नाही. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा मुलगा आता त्याच एमआयडीसीत कॉम्प्युटरवर साचे करतो आणि येईल त्याला सांगतो की आमच्या वडिलांची एकही डाय कधी चुकली नाही. हे सांगताना चाचा माझ्याकडे बघत नव्हते.

मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली. पण टिपण तर लिहायचं होतं. खरं लिहावं तर एक्स्पोर्टची सगळी हवा निघून जाणार, आणि चाचांची आयुष्यभर झाकलेली चूक वीस घरांत पोचणार. मुलगा जळगावातच, त्याच्या कानावर जायला किती वेळ? न लिहावं तर माझ्या भरवशावर वीस माणसं थापेला पैसे मोजणार. मी चाचांना म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी बघते. त्यांनी मान हलवली आणि नेहमीसारखे भाग तपासायला घेतले, जणू दुसऱ्याच कोणाची गाडी असावी.

स्वतःच्या साच्यालाही त्यांनी सवलत दिली नाही. समोरच्या जाळीच्या रेघा अर्ध्या बुजल्या आहेत, म्हणाले. छताच्या कडेला फ्लॅश आहे. काचा धुरकट आहेत. साचा कुठेतरी ओल्या जागी पडून होता, त्याचे गंजाचे ठिपके दारांवर उमटले आहेत. फक्त बॉनेटवरून त्यांनी नख फिरवलं नाही, पूर्ण तळवा फिरवला. मग म्हणाले की हे अजून चांगलं आहे.

मी तिथेच बसून फोनवर टिपण लिहिलं. साचा थकला आहे, जाळी बुजली आहे, काचा धुरकट, या किमतीला घेण्यासारखं नाही. स्टिअरिंगबद्दल चकार शब्द काढला नाही. एकही वाक्य खोटं नव्हतं आणि लोकांचे पैसेही वाचत होते. मला माझं भारी कौतुक वाटलं. पाठवण्याआधी चाचांना वाचून दाखवलं.

ते शांतपणे ऐकत होते. किंमत जास्त आहे हे बरोबर लिहिलं, म्हणाले. मग विचारलं, स्टिअरिंगचं कुठे आहे? मी म्हटलं, ते कशाला हवं, त्याच्याशिवायही काम भागतंय. त्यांनी खोक्यावरच्या 'एक्स्पोर्ट मॉडेल' या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हाई खोटं शे, ताई. लोके हाईच वाचीसन पैसा दी ऱ्हायनात."

मी जरा चिडूनच म्हटलं, चाचा, तुमच्या मुलाला कळेल. इतकी वर्षं तुम्ही जपलंत ते माझ्यामुळे उघडं पडायला नको. त्यावर ते हसले. म्हणाले की मुलगा चाळीस वर्षांचा आहे, त्याच्या स्वतःच्या दोन डाय गेल्या वर्षी चुकल्या आणि बापाला सांगायची त्याची हिंमत झाली नाही. त्यांना ते दुसऱ्याकडून कळलं. त्यालाही बरं वाटेल.

मग मी लिहिलं. हे एक्स्पोर्ट मॉडेल नाही, डॅशबोर्ड साच्यात सुलटा कोरला गेला म्हणून उलटा उमटला, ही कारागिराची चूक आहे. शब्द शक्य तितके मऊ ठेवले आणि पुन्हा वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी ते हो म्हणतील. पण ते 'कारागिराची' या शब्दापाशी थांबले. कोणत्या कारागिराची, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाव नको, उगीच कशाला तुम्हाला त्रास.

चाचांनी खोक्यातून बॉनेट पुन्हा हातात घेतलं.

"चूक मनी शे ना, मंग गाडीबी मनीच शे. मनं नाव टाका."

ग्रुपमधल्या माझ्या टिपणांत इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाव आलं. ते सांगत गेले तसं मी लिहीत गेले, त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, मग गाव धरणगाव. लिहिताना मला माझीच लाज वाटली, म्हणून खाली मी आणखी एक ओळ घातली, की आजवरच्या सगळ्या किटची पारख यांनीच करून दिली आहे. ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली नाही. तशीच पाठवून दिली आणि दुसरं रक्त घ्यायला सुई काढली.